बाबांच्या मागचा फ्लॅट, गावची जमीन आणि भागीदारीतलं वर्कशॉप: कागद कसे लावायचे, पायरीपायरीने

बाबा २०१४ ला गेले. मागे काय होतं तर ठाण्यात चरईतला वन बीएचके, मुरबाडच्या पुढे थोडी वडिलोपार्जित जमीन आणि वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात मित्राबरोबर भागीदारीत चालवलेलं टर्निंगचं वर्कशॉप. मृत्युपत्र नव्हतं. आमच्यात भांडणही नव्हतं, आई, दादा, मी, दोन बहिणी, सगळे एकमेकांना धरून होतो, तरी हे तिन्ही मार्गी लागायला पाच वर्षं गेली आणि त्यातली बरीचशी निव्वळ माहिती नसल्यामुळे गेली. नंतर मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि बघितलं तर दर दोन घरांआड हीच कथा, कुणाचे वडील गेलेत आणि शेअर सर्टिफिकेट अजून त्यांच्याच नावावर, कुणाचा नॉमिनी अमेरिकेत, कुणाच्या बहिणीने दहा वर्षांपूर्वी नोटरीकडे हक्क सोडल्याचं लिहून दिलंय आणि तो कागद कुठेच चालत नाही.

म्हणून जे कळलं ते क्रमाने लिहितोय. मी वकील नाही, ड्राफ्टिंग वकिलाकडूनच करून घ्या, पण आपल्याला नक्की काय हवंय हे माहीत असलं की वकिलाकडचा वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात. वारसांबद्दल खाली जे आहे ते हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे आहे, तो बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू होतो. मुस्लिम कुटुंबात मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येतं आणि बाकीची वाटणी त्यांच्या कायद्याने होते, ख्रिश्चन आणि पारशी कुटुंबांना भारतीय वारसा कायदा १९२५ मधले नियम आहेत.

पायरी १: आधी यादी

एक साधी दोनशे पानी वही घ्या. फ्लॅटचं मूळ अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनच्या नोंदीचा उतारा), सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा नंबर, सातबारा आणि आठ अ, बँक खाती, एफडी, पीपीएफ, विमा पॉलिसी, डिमॅट, कुणाला दिलेले आणि कुणाकडून घेतलेले पैसे, लॉकर कुठल्या शाखेत आणि किल्ली कुठे, सगळं. आमच्या घरी बाबांचं शेअर सर्टिफिकेट गोदरेजच्या कपाटात तळाला, एका जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेलं सापडलं, कडेला कसरीने खाल्लेलं, नंबर कसाबसा वाचता येत होता. ते शोधायलाच आम्हाला आठ महिने लागले कारण ते कपाटात आहे हे फक्त बाबांना माहीत होतं.

यादी करताना प्रत्येक वस्तूपुढे एक गोष्ट आठवणीने लिहा, ही स्वकष्टार्जित आहे का वडिलोपार्जित. स्वतःच्या कमाईचं कुणालाही देता येतं, अगदी मुलांना वगळून शेजाऱ्यालाही. वडिलोपार्जितमध्ये मात्र आपल्या वाट्यापुरतंच बोलता येतं. आणि मुलींचा हक्क इथे मुलांइतकाच आहे, महाराष्ट्राने ही दुरुस्ती १९९४ लाच केली होती, केंद्राची ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, आणि त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलंय. "पोरींची लग्नं केली, आता त्यांचं काय" हे वाक्य अजून ऐकू येतं म्हणून मुद्दाम लिहितोय.

पायरी २: मृत्युपत्र नसेल तर वारस कोण, हे कागदावर मांडा

इथे बहुतेक लोक चुकतात आणि आम्हीही चुकलो. आम्हाला वाटलं बाबांनंतर आई आणि चार मुलं, पाच वाटे. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमची आजी आहे का?" आजी होती, चिपळूणला आत्याकडे राहायची. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, प्रत्येकी सारखा वाटा. वडील पहिल्या वर्गात नाहीत, आई आहे. म्हणजे आमच्या फ्लॅटचे पाच नव्हे सहा वाटे, आणि आजीचा एक.

आम्ही म्हटलं आजीच्या वाट्याचं नंतर बघू, घाई काय. २०१६ ला आजी गेली, तीही मृत्युपत्राशिवाय. आता तिचा एक षष्ठांश तिच्या मुलांकडे गेला, म्हणजे काका, आत्या आणि तिच्या आधी गेलेल्या मुलाची, म्हणजे बाबांची, आम्ही चार मुलं मिळून एक. काकांना फ्लॅटचा अठरावा हिस्सा, आत्याला अठरावा, आणि आम्हा चौघांना मिळून अठरावा. आईला त्यात काही नाही, कारण सासूच्या मालमत्तेत सुनेला वारसा येत नाही. काकांना किंवा आत्याला एक रुपया नको होता, पण हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या आल्याशिवाय फ्लॅट आईच्या एकटीच्या नावावर होणार नव्हता. काका पुण्याला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आत्या चिपळूणला. आजी असताना तिला एकदा गाडीने आणलं असतं तर हे सगळं एका दिवसाचं काम होतं.

म्हणून सांगतो, घरात आजी किंवा सासूबाई असतील तर त्यांचं नाव विसरू नका. बाई मृत्युपत्राशिवाय गेली तर नियम वेगळे, आधी तिची मुलं आणि नवरा. मुलंबाळं नसतील तर माहेरून वारशाने आलेलं माहेरच्या बाजूला परत जातं आणि सासरहून वारशाने आलेलं सासरी.

पायरी ३: नॉमिनी

नॉमिनी म्हणजे मालक असं समजून अख्खी घरं चालतात. फ्लॅटला दादा नॉमिनी होता, म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की फ्लॅट दादाचा. नॉमिनी हा सोसायटीच्या किंवा बँकेच्या दृष्टीने विश्वस्त, ज्याच्याशी त्यांनी व्यवहार करायचा तो माणूस, खरी मालकी मृत्युपत्राने नाहीतर वारसाहक्काने ठरते. सहकार कायद्यात २०१९ ला गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं त्यात कलम १५४ब-१३ प्रमाणे नॉमिनीला तात्पुरतं सभासद करून घ्यायचं, जोपर्यंत खरे वारस किंवा मृत्युपत्रातला माणूस सभासद होत नाही तोपर्यंत, हे लिहूनच टाकलंय. शेअर्स आणि डिमॅटबद्दलही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हेच सांगितलं. फक्त आयुर्विम्यात २०१५ नंतर जरा वेगळं आहे, तिथे आईवडील, नवरा बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात.

तरीही नॉमिनेशन कराच, नाहीतर पैसे आणि फ्लॅट दोन्ही अडकून पडतात. सोसायटीचा फॉर्म नंबर १४, तीन प्रतींत भरायचा, दोन साक्षीदारांच्या सह्या, सेक्रेटरीकडे द्यायचा आणि एका प्रतीवर पोच घ्यायचीच. ती कमिटीच्या मीटिंगमध्ये नोंदवली का हेही विचारा. आमच्या जुन्या रजिस्टरमध्ये चार नॉमिनेशन फॉर्म फाइलला लावलेले सापडले आणि मिनिट्समध्ये एकाचाही उल्लेख नव्हता. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं, तेव्हा जुनी खाती एकदा बघून घ्या, बऱ्याच खात्यांना अजून देवाघरी गेलेले आजोबा नॉमिनी आहेत.

पायरी ४: मृत्युपत्र

आईने तिचं मृत्युपत्र २०१९ ला केलं, फ्लॅट तिच्या नावावर झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात. साधा ए फोर कागद, टाइप केलेला, मराठीत. स्टॅम्प पेपर लागत नाही, स्टॅम्प ड्युटी लागत नाही. करणाऱ्याची सही आणि ती सही स्वतः बघितलेले किमान दोन साक्षीदार, कायद्याला एवढंच लागतं. डायनिंग टेबलावर मेणकापड बाजूला सारून आईने प्रत्येक पानाखाली सही केली, तिची सही म्हणजे पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं, हात थरथरतो म्हणून प्रत्येक अक्षरानंतर पेन उचलायची. आम्हा मुलांना वकिलांनी त्या वेळी आतल्या खोलीत बसवलं. सही करताना ज्याला फायदा होणार तो समोर नसलेला बरा, नंतर कुणी दबावाचा आरोप करायला नको. साक्षीदार म्हणून घेतले आमचे फॅमिली डॉक्टर आणि खालच्या मजल्यावरचा पस्तिशीतला मुलगा. साक्षीदार तरुण आणि ओळखीचा हवा, कारण पुढे कोर्टात वाद गेला तर निदान एका साक्षीदाराला उभं राहून सांगावं लागतं, आणि आपल्याच वयाचे दोन मित्र घेतले तर ते आपल्या आधीच जायची शक्यता असते. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतंय त्याला साक्षीदार करू नका, आणि त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही नको.

मजकुरात या गोष्टी हव्यात. सुरुवातीला "यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे मी या मृत्युपत्राने रद्द करीत आहे". मग प्रत्येक मिळकतीचं नेमकं वर्णन, फ्लॅट नंबर, इमारत, सिटी सर्व्हे नंबर, शेअर सर्टिफिकेट नंबर, बँक खात्याचे शेवटचे आकडे. मग कुणाला काय. मग ज्याला द्यायचंय तोच आधी गेला तर त्याचा वाटा कुणाला. आणि शेवटी उरलेल्या सगळ्याची ओळ, "याशिवाय माझी जी काही स्थावर जंगम मालमत्ता असेल किंवा पुढे होईल ती", कारण माणूस मृत्युपत्र करून दहा वर्षं जगतो आणि मध्ये नवीन एफडी होतेच. कुणाला वगळत असाल तर का, हे दोन शांत ओळींत लिहा, राग काढू नका. एक्झिक्युटर नेमा, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस.

एक वाक्य फार घोळ करतं: "माझ्यानंतर फ्लॅट पत्नीच्या मालकीचा राहील व तिच्यानंतर मुलाचा होईल". पत्नी मालक असेल तर तिच्यानंतर कुणाला हे ती ठरवणार, आणि मुलालाच द्यायचं असेल तर पत्नीला फक्त हयातभर राहण्याचा हक्क द्यायला हवा. दोन्ही एका वाक्यात कोंबलं की दहा वर्षांनी कोर्ट त्याचा अर्थ लावत बसतं. जे हवंय ते एकच आणि स्पष्ट लिहा.

रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण करा. आईला आम्ही सब-रजिस्ट्रारकडे घेऊन गेलो, फी शंभर रुपये, फोटो आणि अंगठा मशीनवर. आजारी माणसासाठी अधिकारी घरी येण्याचीही सोय आहे, तसा अर्ज आणि कारण द्यावं लागतं. सत्तरीच्या पुढे असाल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा, माणूस शुद्धीत आहे, समजून सही करतोय असं. आणि हे लक्षात ठेवा की सगळ्यात शेवटचं मृत्युपत्र चालतं, आधीचं रजिस्टर्ड आणि नंतरचं साध्या कागदावरचं असलं तरी. ठाणे आणि नवी मुंबईतल्या मिळकतीसाठी हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, सक्तीचं नाही, ती सक्ती वर्षानुवर्षं मुंबई शहराची होती आणि लोक ती ठाण्यालाही लावून घाबरतात. वाद असेल किंवा समोरची बँक अडून बसली तर मात्र प्रोबेट घेतलेलं बरं.

पायरी ५: जिवंतपणीच द्यायचं का

बक्षीसपत्र, ज्याला सगळे गिफ्ट डीड म्हणतात, ते महाराष्ट्रात नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना राहतं घर किंवा शेतजमीन देताना मूळ स्टॅम्प ड्युटी दोनशे रुपये आहे. विकत घेताना ठाणे नवी मुंबईत सात टक्के जातात, बाईच्या नावावर सहा, त्यामुळे दोनशेचा आकडा ऐकून लोक धावतात. महापालिका हद्दीतला अधिभार वेगळा लागू शकतो, म्हणून डीड छापायच्या आधी मूल्यांकन काढून घ्या. डीड रजिस्टर करणं सक्तीचं, दोन साक्षीदार हवेत, आणि घेणाऱ्याने देणारा हयात असताना स्वीकारलं पाहिजे. फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेचं एनओसी.

पण थांबा. बक्षीसपत्र एकदा झालं की परत फिरत नाही. मृत्युपत्र रोज बदलता येतं, हे नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एका आजोबांनी मुलाला फ्लॅट दिला आणि वर्षभरात त्यांचं ताट वेगळं झालं, मी स्वतः त्यांना दुपारी जिन्यात बसलेलं बघितलंय, हातात पाण्याची बाटली, वर जायला नको म्हणून. अशांसाठी ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ मधलं कलम २३ आहे, प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून बक्षीसपत्र रद्द करता येतं, पण देखभालीची अट डीडमध्ये लिहिलेली असली की केस भक्कम होते. म्हणून डीडमध्ये हे वाक्य घालूनच घ्या: "देणार यांची हयातभर देखभाल, औषधोपचार व सदर घरात राहण्याची सोय घेणार यांनी करावयाची या अटीवर". मुलगा चांगला असेल तर त्याला या वाक्याचा त्रास नाही, आणि वेळ आलीच तर हेच वाक्य आईवडिलांच्या कामी येतं. माझं स्पष्ट मत असं की राहतं घर एकच असेल तर बक्षीसपत्र करूच नये, मृत्युपत्र करावं.

आणखी दोन चुका. कुलमुखत्यारपत्र देऊन "फ्लॅट विकला" असं समजू नका, मालकी तशी जात नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ लाच सांगितलंय, आणि साधं मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की त्याच क्षणी संपतं. दुसरं, वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टाच्या घरातला "पुढे येणारा हिस्सा" मुलीकडून सोडून घेणारे कागद. जे अजून मिळालंच नाही ते सोडता येत नाही, तो कागद फुकट.

पायरी ६: माणूस गेल्यानंतर, फ्लॅटचं काय करायचं

डेथ सर्टिफिकेटच्या दहा बारा प्रती काढा. नॉमिनीने सहा महिन्यांच्या आत सोसायटीला अर्ज द्यावा. नॉमिनी नसेल तर सोसायटी नोटीस काढून हरकती मागवते आणि वारसांकडून कागद घेते. घरातल्या घरात, नॉमिनी किंवा वारसाच्या नावावर करायला ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे नाव बदलायला सोसायटी घेते ती रक्कम, लागत नाही. पंचवीस हजारांची मर्यादा आहे ती बाहेरच्या माणसाला विकताना, आणि तीही कमाल, त्याहून जास्त "बिल्डिंग फंड" वगैरे नावाने मागणं चुकीचं आहे, हे मी सेक्रेटरी म्हणून लिहितोय.

मग वारसांनी एकाच्या नावावर करायचं ठरवलं तर हक्कसोडपत्र, म्हणजे रिलीज डीड. घरच्या नात्यांत वडिलोपार्जित हिस्सा सोडताना स्टॅम्प नाममात्र असतो, पण रजिस्ट्रेशन हवंच, नोटरीचा कागद चालत नाही. आणि रिलीज फक्त सहहिस्सेदाराच्याच लाभात होतं, भावाच्या मुलाला हिस्सा द्यायचा असेल तर ते बक्षीसपत्र. परदेशातला भाऊ येऊ शकत नसेल तर त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या सरकारचा अपोस्टिल शिक्का घेऊन मुखत्यारपत्र पाठवायचं, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प भरून घ्यायचा. हा तीन महिन्यांचा मुद्दा बरेच जण विसरतात.

वारसांचं कोर्टाचं प्रमाणपत्र कधी लागतं? बँक, शेअर्स, येणं यासाठी सक्सेशन सर्टिफिकेट. घर जमिनीसाठी वारसदार प्रमाणपत्र, ते आपल्याकडे अजून १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठप्रमाणे दिवाणी कोर्टातून मिळतं. वर्तमानपत्रात नोटीस, हरकत आली नाही तर बऱ्यापैकी सरळ काम. महापालिकेच्या टॅक्स बिलावर किंवा लाइट बिलावर नाव लागलं म्हणजे मालकी आली असं मात्र नाही.

वारशाने आलेल्या घरावर आज कर नाही, मृत्युकर १९८५ लाच गेला. विकलं की भांडवली नफा लागतो आणि मूळ किंमत धरतात ती आधीच्या मालकाची, म्हणून बाबांचं जुनं अ‍ॅग्रीमेंट टाकून देऊ नका.

नवी मुंबईवाल्यांसाठी वेगळं

सिडकोची जमीन भाडेपट्ट्यावर आहे, त्यामुळे वाशी, नेरूळ, खारघरला नाव बदलायचं म्हणजे सोसायटीच्या जोडीला बेलापूरच्या सिडको भवनमध्येही फाइल जाते, विक्रीत सिडकोची परवानगी आणि ट्रान्सफर चार्जेस असतात, ते सौदा ठरवायच्या आधी लेखी विचारून घ्या. साडेबारा टक्क्यांच्या, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात सिडकोने दिलेल्या, प्लॉटवाल्या गावकरी कुटुंबांत तर वारसांची यादी फार काळजीने करावी लागते, आजोबांच्या नावाची जमीन संपादित झाली, प्लॉट एका काकाच्या नावावर आला, बिल्डरबरोबर करार झाला आणि आत्यांची नावंच नाहीत, मग पंधरा वर्षांनी नोटिसा. करारावर सही करायच्या आधी सगळ्या आत्या आणि त्यांची मुलं कागदावर आणा.

सोसायटीच्या कन्व्हेयन्सचं, म्हणजे बिल्डरकडून जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचंही इथेच सांगतो. बिल्डर देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज करा. जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर पुनर्विकासाच्या वेळी सगळ्यांचेच हिस्से लटकतात.

पायरी ७: गावची जमीन

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे, जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणे तीन महिन्यांत कळवायचं असतं, आता ई-हक्कवरून ऑनलाइनही देता येतो. डेथ सर्टिफिकेट, सगळ्या वारसांची नावं आणि पत्ते, प्रतिज्ञापत्र. मग फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, पडतो, नोटीस निघते, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी मंजूर करतो. फेरफार मंजूर झाल्यावर सातबारा स्वतः काढून नावं तपासा, आमच्या धाकट्या बहिणीचं नाव पहिल्यांदा राहिलं होतं आणि ते नजरचुकीने होतं की मुद्दाम यावरून घरात दोन दिवस तणाव झाला. सातबारा महसुलाचा कागद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही, पण नाव नसेल तर पुढची पिढी शोधत बसते.

पायरी ८: भागीदारीतलं वर्कशॉप

भागीदारी करारात दुसरं काही लिहिलं नसेल तर भागीदार गेला की फर्म विसर्जित होते, भागीदारी कायदा १९३२ चं कलम ४२. आमच्या करारात काहीच लिहिलेलं नव्हतं, शंभराच्या स्टॅम्पवर दीड पान, आणि फर्म रजिस्टरही नव्हती. रजिस्टर नसेल तर फर्मला तिच्या गिऱ्हाइकावर थकबाकीचा दावा लावता येत नाही, कलम ६९, हे एकच कारण रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदणी करायला पुरेसं आहे. गेलेल्या भागीदाराच्या वारसांना हिशोब मागता येतो. विसर्जनापासून तीन वर्षांत. आणि मागे राहिलेल्याने हिशोब न करता धंदा चालूच ठेवला तर वारसांना त्या भांडवलावरचा नफा किंवा वर्षाला सहा टक्के व्याज यांतलं एक निवडता येतं, कलम ३७.

बाबांचे पार्टनर माणूस चांगला, पण "बघू, बसू" करत दोन वर्षं गेली. वकिलांनी सांगितलं मुदत संपायच्या आत येणं असल्याची लेखी कबुली घ्या, म्हणजे तीन वर्षं नव्याने सुरू होतात. मी एका संध्याकाळी गाळ्यात गेलो, लेथवर जॉब चालू होता, कूलंटचा वास, त्यांनी तेलकट हात कापसाने पुसले आणि लेजरच्या पानाच्या झेरॉक्सवर बाबांच्या भांडवल खात्याच्या बाकीसमोर सही आणि तारीख टाकली. त्या सहीने आमचा हक्क वाचला. करार करणाऱ्या प्रत्येकाने यात चार कलमं घालावीत: भागीदार गेला तर फर्म चालू राहील का, त्याच्या वाट्याची किंमत कोण आणि कशी ठरवणार, मशिनरी पुस्तकातल्या किमतीने की बाजारभावाने, आणि पैसे किती महिन्यांत. आमचं सगळं भांडण मशिनरीच्या किमतीवरच अडलं होतं. एमआयडीसीचा गाळा असेल तर तोही भाडेपट्ट्याचा, नाव बदलायला एमआयडीसीची परवानगी लागते.

बाहेरच्या पार्टीशी वाद असेल तर आधी कागद गोळा करा, सही असलेलं डिलिव्हरी चलन, इनव्हॉइस, जीएसटीच्या नोंदी, बॅलन्स कन्फर्मेशन. व्हॉट्सअ‍ॅप पुरावा म्हणून चालतं पण नव्या साक्ष अधिनियमाप्रमाणे सोबत सर्टिफिकेट लागतं, म्हणून फोन बदलताना चॅट उडवू नका. पैशाच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षं. चेक परत आला तर तारखा पाठच करा, बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर पंधरा दिवस वाट, त्यानंतर एक महिन्यात तक्रार, एक दिवस चुकला तरी त्रास. रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये गेलंय, तेव्हा स्पीड पोस्ट पोचपावतीसह पाठवा. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन असेल आणि तुम्ही माल बनवणारे किंवा सेवा देणारे असाल तर समोरच्याने पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायला हवेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन अर्ज. तीन लाखांच्या वरचा व्यापारी दावा कोर्टात टाकायच्या आधी मध्यस्थी सक्तीची आहे, तातडीचा मनाई हुकूम हवा असेल तरच सूट.

मध्यस्थीला लोक वेळकाढूपणा समजतात, आमचा अनुभव वेगळा. आम्ही ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा न लावताच अर्ज केला. बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आईला मिळाला. दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत ठरलं की दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन यांची किंमत दोघांना मान्य असलेल्या तिसऱ्या माणसाने करायची, त्यांनी वागळेतलाच एक जुना मशीनवाला सुचवला, आम्ही हो म्हटलं. त्याने काढलेला आकडा आमच्यापेक्षा कमी आणि त्यांच्यापेक्षा जास्त होता. लोकअदालतीत तडजोड लिहिली, किती हप्ते, कुठल्या तारखेला, एक हप्ता चुकला तर पूर्ण रक्कम एकदम, आणि गाळ्यावरचा आमचा हक्क शेवटचा चेक वटल्यावरच सुटेल. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही. शेवटचा चेक २०१९ च्या मार्चमध्ये वटला, पार्टनर स्वतः आईला सांगायला चरईला आले, येताना बाबांचं मायक्रोमीटर लाकडी डबीसकट घेऊन.